मयतीतलं भजन: कोणतं म्हणायचं, कधी म्हणायचं आणि आता म्हणणार कोण?

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण इथे वारकरी आहेत, गुरुदेव सेवा मंडळाचे आहेत, बौद्ध आहेत, काहीच न मानणारेही आहेत, म्हणून इथेच विचारतो.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. भजनी मंडळ जुनं. कोणाच्याही घरी मयत झाली की मंडळाला निरोप द्यावा लागत नाही. अंगणात कोणी बांबू तोडतंय, कोणी सुतळी उलगडतंय, आणि ओसरीवर चार बुढे टाळ घेऊन येऊन बसलेले. "जय जय राम कृष्ण हरी" सुरू. लहानपणापासून हेच पाहिलं, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

आता मंडळातले बरेच जण स्वतःच गेले. पोरं खांदा द्यायला येतात, लाकडं ट्रॉलीत भरायला येतात, कुठंच मागे राहत नाहीत. पण तोंड उघडून म्हणायला कोणी नाही. उन्हाळ्यात एका घरच्या मयतीत पोरांनी ब्लूटूथचा स्पीकर ट्रॅक्टरवर ठेवला आणि मोबाईलवर अभंग लावला. अभंग संपला आणि पुढचा सुरू व्हायच्या आत केसाच्या तेलाची जाहिरात लागली. भर रस्त्यात, मागे तिरडी. कोणी हसलं नाही, कोणी बोललंही नाही. ज्याचा मोबाईल होता त्याचे हात असे थरथरत होते की त्याला ती बंद करता येईना.

तर विचारायचं हे: कोणतं भजन कधी म्हणायचं याचा तुमच्याकडे काही नेम आहे का? शब्दांचा अर्थ पाहून निवडतात, की चाल पाठ आहे म्हणून म्हणतात? आणि स्पीकर चालतो का तुम्हाला?

टाळकरी

भाऊ, तालुका आमचा मोर्शी. आमच्या इकडं कसं चालते ते सांगतो. लेहाची सवय नाई, बोलतो तसंच लेहून राह्यलो.

देह घरात हाये तोवर अभंग नाई. फक्त नाम. काऊन का घरात बायायचं रडनं सुरू असते, सोयरे येऊन राह्यले असते, एखादी लेक लांबून याची असते. तिच्यासाठी थांबा लागते. दोन घंटे, तीन घंटे, काही नेम नाई. अशा टायमाले मोठा अभंग धरला का तो मधातच तोडा लागते. नाम कुठूनही धरता येते आन् कुठंही सोडता येते.

देह उचलला का सगळ्यात पुढं आमी. मांगं मडकं धरून पोरगा, त्याच्या मांगं तिरडी. ठेका भजनीच, पन धिमा. लग्गी, म्हनजे जलद ठेका, लावाची नाई. मृदंगवाला जोशात आला का टाळ वाढते, टाळ वाढला का खांदेकरी पळाले लागते, मंग बुढे मानसं राह्यते अर्धा फर्लांग मांगं. नवीन पोरगा मृदंगाले बसला का त्याले पह्यले हेच सांगतो, तुयं ध्यान सुरावर कमी आन् खांदेकऱ्याच्या पायावर जास्त पाह्यजे. रस्त्यानं चिखल असला, नाला असला, तर ठेका आनखी उतरवा लागते.

विसाव्यावर तिरडी ठेवली का भजन बंद. खांदे बदलते. तिथून उठलं का "आम्ही जातो आपुल्या गावा". विसाव्याच्या आंधी हा अभंग आमी म्हनत नाई, कोनी किती बी म्हनो. शीव तिथं संपते ना बाप्पा.

मोक्षधामात सरन रचेपर्यंत पुन्हा नाम. अग्नी देल्यावर घाई नसते. तीन-चार क्विंटल लाकूड असते, पावसाळ्यात ओलं असलं का धरतच नाई लवकर. तवा निर्गुनी काढतो, कबीराचं. मंग श्रद्धांजलीचे भाषनं. तिथं आमचं काम संपते आन् पुढाऱ्याचं सुरू होते.

शाळामास्तर

टाळकरीभाऊ, विसाव्याचा नेम आवडला. तो कोणी पोथीत लिहिलेला नसावा, पण अभंगाशी अगदी जुळतो.

अर्थाबद्दल थोडं. मयतीत जे तीन अभंग विदर्भात हमखास ऐकू येतात, ते तिन्ही तुकोबांचे, पण तिन्हींत बोलणारा माणूस वेगळ्या जागी उभा आहे.

"आम्ही जातो आपुल्या गावा, आमुचा रामराम घ्यावा" यात जाणारा बोलतो आणि राहणारे ऐकतात. "तुमची आमची हेचि भेटी, येथुनिया जन्मतुटी" हे तर समोरासमोर सांगितल्यासारखं आहे. म्हणजे भजनी मंडळ त्या वेळी मृताच्या वतीनं बोलत असतं. तिरडीवरच्या माणसाचं तोंड बंद झालं, त्याचा रामराम दहा जण मिळून पोचवतात. पुढे त्याच अभंगात मागे राहणाऱ्यांनी काय करायचं तेही सांगितलंय: "रामकृष्ण मुखी बोला". म्हणून हा अभंग संपला की आपोआप गजर सुरू होतो. तो जोड आपल्या बुढ्यांनी अर्थ पाहूनच दिलेला आहे, नुसत्या सवयीनं नाही.

"आपुले मरण पाहिले म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य" हा मात्र देहाच्या मरणाचा अभंग नाहीच. पुढची एक ओळ वाचा, "एकदेशी होतो अहंकारे आथिला, त्याच्या त्यागे जाला सुकाळ हा". मेला तो अहंकार. बोलणारा जिवंत आहे.

"याजसाठी केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा" याचंही तेच. पहिली ओळ सगळ्यांना पाठ, ती बॅनरवरही छापतात. शेवटची ओळ कोणी म्हणत नाही: "मुक्ति परिणिली नोवरी, आतां दिवस चारी खेळीमेळी". मुक्तीशी लग्न लागलं, आता चार दिवस मजेत. हे मेलेल्या माणसाचं बोलणं नव्हे.

म्हणून म्हणू नये असं माझं मत नाही. ज्या माणसानं खरोखर भरभरून आयुष्य काढलं, नातवंडं-पणतवंडं पाहिली, वारी केली, त्याच्या मयतीत तो अभंग शोभतो. सरसकट शोभत नाही एवढंच.

रोखठोक

मेलेल्याला ऐकू येतं का? नाही. मग हा सगळा खटाटोप कशासाठी? शांतपणे न्या, शांतपणे जाळा. आवाजानं आजारी शेजाऱ्यांना त्रास तेवढा होतो.

टाळकरी

मेलेल्याले ऐकू येत नाई हे आमाले बी समजते भाऊ. आमी जित्यासाठीच म्हनतो. तुमी कधी तिरडीच्या मांगं मुक्यानं चालून पाह्यलं का?

पूर्णाकाठ

मी चाललो आहे. कोरोनात, 2021 च्या एप्रिल-मे मध्ये. वीस माणसांची मर्यादा होती, आमच्या काकांना न्यायला तर तेवढीही नव्हती. ना टाळ, ना गजर. फक्त रुग्णवाहिकेच्या इंजिनाचा आवाज आणि त्या पांढऱ्या पोशाखाच्या प्लास्टिकची सळसळ. माझे चुलतभाऊ आजही म्हणतात की बाबांना नीट पोचवलं नाही. दवापाणी केलं, पैसा लावला, दिवसही नंतर रीतसर केले. पण त्यांच्या मनात राहिलं ते हे.

रोखठोक, तुमचा मुद्दा तर्कानं बरोबर आहे. पण माणूस मेल्यावर घरच्यांना पहिले दोन-चार तास काही सुचत नाही आणि लोकांनाही काय बोलावं समजत नाही. "वाईट झालं" हे किती वेळा म्हणणार? भजनामुळे बोलायची गरज उरत नाही. टाळाचा आणखी एक फायदा म्हणजे हाताला काम मिळतं. आमच्याकडे मृताचा जिवलग दोस्त असेल त्याच्या हातात मुद्दाम टाळ देतात.

आमच्या गावातलं मंडळ त्या दोन वर्षांत जे मोडलं ते मोडलंच.

धम्मपथी

जय भीम. माझं गाव नागपूर जिल्ह्यातलं, उमरेडच्या बाजूला. आमच्या घरची गोष्ट थोडी वेगळी म्हणून लिहितो.

माझे पणजोबा कबीरपंथी भजनं म्हणायचे असं आजीकडून ऐकलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतर घरातले देव गेले आणि त्यांच्यासोबत मयतीची जुनी भजनंही गेली. त्या जागी त्रिसरण-पंचशील आलं. आज आमच्या वस्तीत कोणी गेलं की पांढरे कपडे घालून लोक जमतात, "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत अंत्ययात्रा निघते, आणि अग्नी देण्याआधी बौद्धाचार्य किंवा भंतेजी गाथा म्हणतात:

अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो,
उप्पज्जित्वा निरुज्झन्ति, तेसं वूपसमो सुखो.

जे जे घडलेलं आहे ते अनित्य, उपजणं आणि नाहीसं होणं हाच त्याचा स्वभाव, ते सगळं शमणं हेच सुख. ही गाथा महापरिनिब्बान सुत्तात आहे. बुद्धाच्या देहान्तानंतर देवांचा राजा शक्र ती म्हणतो. म्हणजे मुळातच ती मृत्यूच्या प्रसंगी मागे राहिलेल्यानं उच्चारलेली आहे. तिच्यात मृताला निरोप नाही आणि त्याच्यासाठी मागणंही नाही. ऐकणाऱ्याला फक्त सांगितलंय की हे असं असतं.

आता अर्थ कळतो का? माझ्या आजीला पालीचा एक शब्द येत नव्हता. पण आजोबांच्या वेळी ती सगळ्यांत खड्या आवाजात म्हणत होती. तिच्यासाठी त्या गाथेचा अर्थ असा होता की आपल्या माणसाला आता आपल्याच तोंडाच्या शब्दांनी पोचवता येतं, कोणी दक्षिणा घेऊन म्हणायची गरज नाही. बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, 7 डिसेंबर 1956 ला दादरला, भदंत आनंद कौसल्यायनांनी तिथं जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली होती. चितेसमोर उभं राहून लोकांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. त्यामुळे आमच्याकडे मयतीत ते म्हणताना ती आठवण असतेच. नुसती प्रार्थना म्हणून आम्ही ते म्हणत नाही.

शाळामास्तर

धम्मपथी, फार चांगलं लिहिलंत. भदंत कौसल्यायन पुढे नागपुरातच राहिले, तिथंच 1988 मध्ये गेले, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माहेरची_लेक

सगळे पुरुष लिहून राहिले, म्हणून मी लिहिते. (नसतं लिहिलं, पण टाळकरीभाऊंच्या "बायायचं रडनं सुरू असते" या एका वाक्यावर अडले.)

ते नुसतं रडणं नसतं. आमच्या आईच्या पिढीतल्या बाया सूर धरून रडायच्या. त्यात मेलेल्याचे गुण असायचे, त्यानं कोणाला काय दिलं, कोणत्या वर्षी विहीर खोदली, कोणत्या लेकीला कसं वागवलं. मधे मधे टोमणेही असायचे, आणि ते ज्याला लागायचे त्याला बरोबर लागायचे. माझी मोठी मामी तिच्या सासूच्या मयतीत असं रडली होती की दोन्ही दीर मान खाली घालून बसले. हिश्शाची सगळी कहाणी तिनं रडण्यात सांगितली, आणि त्या वेळी तिला "चूप बस" कोण म्हणणार?

मग ओसरीवर टाळ वाजायला लागले. मी तेव्हा पोरगी होते, पण मला स्पष्ट आठवतं, टाळ वाढले तसा आतला आवाज ऐकू येईनासा झाला. भजन आणि रडणं यांची अशीही एक झटापट असते. भजनानं दुःख शांत होतं म्हणता, होत असेल. पण कोणाचं, आणि कोणाच्या सोयीसाठी, हेही पाहा.

तिरडी उठली की बाया दारातच राहायच्या. "आम्ही जातो आपुल्या गावा" हा अभंग शिवेच्या पलीकडे म्हणतात, म्हणजे तो आम्ही कधी मयतीत ऐकलेलाच नाही. मी तो रेडिओवर ऐकला.

तांडेकरी

ताई, दिग्रसकडे आमच्या तांड्यावर लग्नातलं रडणंही गाण्यातच असतं. त्याला ढावलो म्हणतात. सासरी निघालेली नवरी गळ्यात पडून गात रडते, आणि ते मुलींना मोठ्या बाया शिकवतात. शिकवलेलं असतं म्हणून ते खोटं नसतं. शहरातल्या लोकांना हे समजावता येत नाही.

टाळकरी

ताई, तुमी म्हनता ते खरं हाये. आमचा म्होरक्या मानूस तर आतून आवाज वाढला का मुद्दाम हात वर करे, म्हनजे टाळ जोरात. आमाले वाटे तो सांभाळून घेते. दुसऱ्या बाजूनं कसं लागते याचा इचार ओसरीवर बसून येत नाई.

मोझरीकर

बाया दारात राहण्याबद्दल: गुरुदेव सेवा मंडळाची गावं यात थोडी पुढं आहेत. आमच्या भागात महिला भजनी मंडळं खंजेरी घेऊन मोक्षधामापर्यंत जातात. सगळीकडे नाही, पण जातात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत अंत्यसंस्काराला स्वतंत्र अध्याय दिला आहे. ते पुस्तक गावाच्या रस्त्यांपासून लग्नापर्यंत सगळं बोलतं, त्यात मरणही आलं. कर्ज काढून तेरवीच्या पंगती उठवण्याला त्यांचा विरोध होता. आमच्याकडे अंत्ययात्रेत रामधून असते आणि शेवटी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेला सगळे एका ओळीत बसतात, त्यामुळे कोण मोठा कोण लहान हे राहत नाही.

आणि रोखठोक यांच्यासाठी खास: महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. ज्या माणसानं खंजेरीवर अख्खा विदर्भ हलवला, त्याच्यासाठी लाखो लोक एकदम गप्प उभे राहतात. तेव्हा शांततेला आमचा विरोध नाही. पण ती सगळ्यांनी मिळून पाळली तर ती शांतता. प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून चालला तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

रोखठोक

हा मुद्दा मान्य. अर्धा. गाडगेबाबांचं उदाहरण मात्र कोणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. खारेपाटणला कीर्तन सुरू असताना मुलगा गेल्याची तार आली, आणि बाबा म्हणाले, "ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू मी एकासाठी". कीर्तन थांबलं नाही. ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. आपण मात्र टाळ कधी, अभंग कोणता, यात गुंतलो.

माहेरची_लेक

बाबांनी ते स्वतःच्या मुलाबद्दल म्हटलं. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून म्हटलं नाही. फरक आहे.

यवतमाळी

मी ख्रिस्ती आहे, घर यवतमाळला, आजोळ खेड्यात. आमच्याकडची पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

आमच्याकडे मयतीत गीतांचं पुस्तक हातात असतं. "उपासना संगीत" घराघरात आहे. पाळक क्रमांक सांगतात, सगळे उभे राहून म्हणतात. घरी एक-दोन गीतं, चर्चमध्ये एक-दोन आणि कबरस्तानात माती देताना एक. टाळकरीभाऊंच्या मंडळात म्होरक्या जे धरेल ते, आमच्यात गीत आधी ठरतं, बऱ्याचदा मरणाऱ्यानंच सांगून ठेवलेलं असतं. माझ्या आजोबांनी बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन क्रमांक पेन्सिलीनं लिहून ठेवले होते. एकाखाली रेघ. ते माती देतानाचं.

पण चाली ऐकाल तर अर्ध्या तुमच्याच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनही केलं. त्यांच्यामुळे आमच्या मयतीत बाजाची पेटी, तबला आणि टाळ आले. टिळकांचा 1895 चा बाप्तिस्मा मुंबईचा, पण नवा करार त्यांच्या हाती पडला तो राजनांदगावच्या गाडीत, त्याआधी ते नागपुरात होते. तेव्हा हा धागा विदर्भातूनच जातो.

इंग्रजीतलं "अबाइड विथ मी" शहरातल्या चर्चमध्ये म्हणतात. ते हेन्री लाइट या पाळकानं 1847 मध्ये क्षयानं खंगलेला असताना पूर्ण केलं आणि त्याच वर्षी तो गेला. सांज होत आली, आता तू सोबत राहा, असं मागणं आहे. गांधीजींना ते फार आवडायचं. दिल्लीत प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात वाजायचं, 2022 पासून वगळलं. मास्तरांनी मांडलं तसं पाहिलं तर लाइट जाणारा आहे पण तो राहणाऱ्यांशी बोलत नाही, थेट देवाशी बोलतो. तुकोबा गावकऱ्यांना रामराम करून निघतात, लाइटला अंधारात हात धरायला कोणीतरी हवं आहे. दोन्ही मला पटतात, पण माझ्या वेळी मराठीच म्हणा असं घरी सांगून ठेवलं आहे.

सरळ_सवाल

सगळं छान चाललंय. एक विचारू? कपाशीवाला म्हणतात "कोणाच्याही घरी मयत झाली की" मंडळ येतं. कोणाच्याही म्हणजे कोणाच्या? तुमच्या गावात स्मशानभूमी एक आहे की दोन? तीन?

चोखोबांचं गाव आपल्या बुलढाण्यातलं मेहुणा राजा मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेले, नामदेवांनी हाडांना कान लावला आणि ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची म्हणून उचलली, अशी परंपरा सांगते. कीर्तनात ही गोष्ट रंगवून सांगतात, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि त्याच गावातलं भजनी मंडळ वस्तीतल्या मयतीला जात नाही. हे मी पाहिलं आहे.

कपाशीवाला

सरळ विचारलंत, सरळ सांगतो. दोन आहेत. आणि नाही, मंडळ बौद्ध वस्तीत जात नव्हतं. आता त्यांची पद्धत वेगळी म्हणून जात नाही असं म्हणतात, पण 1956 च्या आधी पद्धत वेगळी नव्हती, तेव्हाही जात नव्हतं. मातंगांच्या दोन घरी मात्र मंडळ गेलेलं मी पाहिलं आहे, तिथला एक जण मंडळात मृदंग वाजवायचा म्हणून.

धम्मपथी

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. आम्हाला आता कोणी यावं अशी अपेक्षाही नाही. पण खांदा द्यायला आलं तर कोणी नको म्हणत नाही. म्हणायचं नसेल तर नुसतं चाला.

टाळकरी

मांगं मास्तर म्हनले ना का सगळे अभंग सरसकट शोभत नाई. त्याच्यावर एक सांगाचं राह्यलं. हे लेहाव का नाई याचा इचार करत होतो.

आमच्या इकडं कास्तकार पोरं जीव देऊन राह्यले, हे तुमाले मी काय सांगू. अशा मयतीत काय म्हनाव? एका गावात, आमच्या नाई, अशाच एका पोराच्या मयतीत कोनीतरी "शेवटचा दिस गोड व्हावा" धरलं. पाठ होतं, धरलं. त्या पोराचा बाप रस्त्यातच खाली बसला. त्याच्यानंतर आमच्या मंडळानं ठरोलं: जवान मानूस, लेकरू, बाळंतपनात गेलेली बाई, आन् असं जीव देलेलं मानूस, यायच्या मयतीत अभंग नाई. फक्त "राम कृष्ण हरी". तेही टाळाविना, हातावर. "आम्ही जातो आपुल्या गावा" तर बिलकुल नाई. तो रामराम घेऊन जानाऱ्याचा अभंग हाये, हे पोरगं कोनाले रामराम करून गेलं?

अशा टायमाले म्होरक्याचा आवाज बी मोठा नसते. एक जन म्हनते, बाकीचे मांगं म्हनते. बापाले म्हनावंसं वाटलं तर म्हनते, नाई तर नाई. मांगचे सांभाळून घेते. मधात कोनाचा गया दाटला तरी नाम तुटत नाई, काऊन का दुसऱ्याच्या तोंडात ते असतेच. स्पीकरचा सवाल तुमी पह्यलेच विचारला होता ना कपाशीवाले भाऊ, त्याचं माह्यं उत्तर हे हाये. स्पीकर थांबत नाई आन् कोनासाठी हळू बी होत नाई.

पूर्णाकाठ

टाळकरीभाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत.

माहेरची_लेक

टाळाविना, हातावर. हे आमच्याकडे कोणी करत नाही. मी आमच्या मंडळाला सांगणार आहे.

शाळामास्तर

स्पीकरबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. ज्या घरी म्हणणारं कोणीच नाही, म्हातारी एकटी, पोरं पुण्यात, तिथं मोबाईलवरचा गजर काहीच नसण्यापेक्षा बरा. फक्त जाहिराती येणार नाहीत असं आधी डाउनलोड करून ठेवा, आणि अभंग लावू नका, नाम लावा. नाम लावलं तर निदान एक-दोन जण मागे म्हणायला लागतात. गायकाची तान सुरू झाली की सगळे ऐकत राहतात.

देहदान करणाऱ्यांचाही प्रश्न येतोच. आमच्या एका सहकाऱ्यांनी देहदान केलं. विसावा नाही, शीव नाही, गाडी दारातून थेट गेली. तेव्हा विनोबांच्या गीताईचा पंधरावा अध्याय अंगणातच म्हटला. वर्धा जिल्ह्यात दिवसांतही संध्याकाळी गीताई वाचणारी घरं आहेत, विनोबांचं पवनार जवळ आहे म्हणूनही असेल.

रोखठोक

देहदानाचा फॉर्म मी भरला आहे. माझ्या वेळी काही म्हणू नका हे घरी सांगितलं होतं. बायको म्हणते, "तुम्हाले ऐकू येनार नाई ना, मंग तुम्हाले कायले विचारू?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कपाशीवाला

सगळ्यांचे आभार. काल मारुतीच्या पारावर पोरांना हे सगळं वाचून दाखवलं. सात-आठ जण शिकायला तयार झालेत, पैकी दोघांचा आवाज खरंच चांगला. ट्रॅक्टरवर मोबाईल लावणारा पोरगा सगळ्यांत आधी उठला. जुन्या मंडळातले एकच आबाजी आहेत आता, त्यांनी मंगळवारी आणि शनिवारी रात्री जेवणानंतर बसायचं कबूल केलं आहे. आधी फक्त नाम आणि ठेका, मग "आम्ही जातो", मग दोन निर्गुणी. आबाजींची अट एकच, शिकताना मोबाईल घरी ठेवून या.

टाळ आहेत, पण मृदंगाची शाई उडाली आहे आणि वीणा नाहीच. शेगाव संस्थान गावोगावच्या मंडळांना टाळ-मृदंग आणि ग्रंथ देतं, त्यासाठी अर्ज कसा करायचा, गावचा ठराव लागतो का, कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि वस्तीतल्या मयतीला नुसतं चालायला का होईना जायचं, हेही पारावर बोललो. दोघं तिघं गप्प बसले. पण आबाजी म्हणाले, येतो.

टाळकरी

मृदंगाची शाई आमच्या इकडं एक जन भरून देते, चांगला मानूस हाये, मेसेज करा. आन् पोरायले सांगा, पह्यले पाय पाहा लागते, मंग सूर.